घेराबाहेरचा हात

द्वारका चौकाच्या अलीकडे गाडीने स्वतःहून डावा इंडिकेटर दिला, वेग उतरवला आणि ती रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. रघुनाथ अहिररावांनी अ‍ॅक्सिलरेटर दाबून पाहिला. पेडल नुसतंच खाली गेलं, गाडी हलली नाही.

"आपला घेर इथे संपतो," गाडी म्हणाली. आवाज बाईचा होता. त्यात राग नव्हता, मायाही नव्हती. "पुढे जायचं असल्यास दुसरा चालक बसवा किंवा गाडी वळवा."

"माहीत आहे," अहिरराव म्हणाले. "मागच्या महिन्यात उपनगरला संपत होता. आता इथे आणलास का?"

मागून येणाऱ्या बसने हॉर्न दिला. अहिररावांनी काच खाली केली आणि ते शेजारच्या सीटवरच्या डब्यावर हात ठेवून बसून राहिले. डब्यात वांग्याचं भरीत होतं. वांगी त्यांनी स्वतः भाजली होती आणि बोटंही भाजून घेतली होती.

थोड्या वेळाने नाशिकरोडच्या बाजूने वृंदा स्कूटरवरून आली. हेल्मेट न काढताच तिने खिडकीतून आत डोकावून पाहिलं.

"बाबा, हे काय चाललंय आपलं? वाघा बॉर्डरवर भेटल्यासारखं."

"भरीत गरम आहे. लगेच खा."

"रिक्षाने घरी या ना. आता तर रिक्षाला माणूसही लागत नाही. भाड्यावरून वाद नाही, काही नाही."

"वाद नाही म्हणूनच बसवत नाही. आणि रिक्षाने आलं की पाहुणा होतो मी. परत जायची वेळ आधी सांगावी लागते."

वृंदा हसली नाही. डबा उचलताना तिने विचारलं, "या वेळी कशाबद्दल कापला घेर?"

"डबा घसरला. धरायला गेलो."

"मागच्या वेळी तर डबा नव्हता."

अहिररावांनी काच वर केली. गाडी वळवली. परतीचा रस्ता गाडीने निमूटपणे दिला.

हा कायदा शहरात येऊन चार-पाच वर्षं झाली होती. आधी दंड पैशात असे. ज्यांच्याकडे पैसा होता ते भरून मोकळे होत आणि पुढच्या सिग्नलला तेच करत. बाकीचे दंडात सवलत मिळेल म्हणून वाट बघत बसत. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की पैसा प्रत्येकाकडे वेगळा असतो, पण अंतर सगळ्यांना सारखंच. तेव्हापासून दंड अंतरात घ्यायला सुरुवात झाली. प्रत्येक चालकाला त्याचं घर मध्यभागी धरून एक वर्तुळ आखून दिलेलं. त्यालाच लोक घेर म्हणू लागले. सिग्नल तोडला, उलट्या बाजूने आलात, चालवताना फोन धरलात, की घेर आकसायचा. नीट चालवलंत की हळूहळू परत वाढायचा. अगदी संपला, की गाडी पार्किंगमधून हलायची नाही आणि चाक पुन्हा कधी त्या हाताला ओळख द्यायचं नाही.

चाकाला हात कळतो, हेच या सगळ्यामागचं खरं यंत्र होतं. स्टिअरिंगच्या कव्हरमध्ये केसाहून बारीक तारा विणलेल्या असत. माणसाचं शरीर थोडीफार वीज धरून ठेवतं. तळवा जवळ आला, दाबला, सैल झाला, की तारांमधला भार बदलतो. कोण कुठे धरतं, ब्रेक दाबताना बोटं किती आवळतं, वळणावर कुठला हात आधी सोडतं, हे सही केल्यासारखं प्रत्येकाचं वेगळं असतं. त्यामुळे बापाने चालवलं आणि मुलाच्या नावावर टाकलं, असला प्रकारच उरला नाही. लग्न जुळवताना लोक पत्रिकेच्या आधी घेर विचारू लागले.

अहिरराव या कायद्याच्या बाजूचे होते. गंगापूर रोडला त्यांचं मोटार ट्रेनिंग स्कूल होतं. अर्ध्या नाशिकला त्यांनी क्लच सोडायला शिकवलं होतं. डाव्या सीटवर बसून, पायाशी दुसरा ब्रेक घेऊन, ते आयुष्यभर एकच वाक्य ओरडत आले होते, "दोन्ही हात! दोन्ही हात चाकावर!" कायदा आला तेव्हा सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभं राहून ते म्हणाले होते, "ज्याचे हात चाकावर आहेत त्याला घाबरायचं कारण नाही." खाली बसल्यावर त्यांच्या पत्नी कुमुदताई त्यांच्या कानाशी म्हणाल्या होत्या, "तुमचा डावा हात कुठे असतो, ते मी सांगू का सगळ्यांना?"

तो हात कुमुदताईंच्या समोर असायचा.

त्यांच्या छातीत डाव्या बाजूला, खांद्याच्या खाली, पेसमेकर बसवलेला होता. डाव्या सीटचा पट्टा नेमका त्याच्यावरून यायचा. त्या पट्टा लावत, पण अंगाला टेकू देत नसत. हाताने पुढे ओढून धरत. मग गाडीला झटका बसला, की अहिररावांचा डावा हात चाक सोडून त्यांच्यापुढे आडवा जायचा. ठरवून नाही. ब्रेकवर पाय पडला की हात गेलाच. कुमुदताई तो हात मनगटाला धरून उचलत आणि परत चाकावर नेऊन ठेवत. "अहो, चाक धरा. मी काही सांडत नाही." इतकी वर्षं हेच.

गेल्या पावसाळ्यात त्या गेल्या. पेसमेकर शेवटपर्यंत नीट चालत होता, असं डॉक्टर म्हणाले. हे ऐकून काय करायचं, ते अहिररावांना कळलं नव्हतं.

त्यानंतर पहिल्यांदा गाडी काढली, तेव्हा अशोक स्तंभाजवळ एक कुत्रं आडवं आलं. ब्रेक लागला, हात गेला, आणि रिकाम्या सीटसमोर हवेत थांबला. तो परत आणायला कोणी नव्हतं. "डावा हात चाकावर नाही," गाडी म्हणाली. "समज नोंदवली आहे." दुसऱ्या वेळेपासून घेर कापायला लागला.

त्यांनी उपाय करून पाहिले. डाव्या मनगटात जड कडं घातलं. चाकावर हात रुमालाने बांधला, तर गाडीने सुरूच व्हायला नकार दिला. सीटवर पिशवी ठेवून पाहिली, म्हणजे हात गेला तरी तो पिशवीसाठी गेला असं स्वतःला सांगता येईल. यंत्राला कारण लागत नव्हतं.

भरीत देऊन परतल्यावर दोन दिवसांनी, सकाळी, थत्ते नगरच्या वळणावर एक दूधवाला सायकलवरून आडवा आला. अहिररावांनी ब्रेक दाबला. डावा हात गेला. एका हातात चाक थोडं फिरलं. अगदी थोडं. पण गाडीचा आरसा सायकलच्या हँडलला लागला आणि तो माणूस किटल्यांसकट आडवा झाला. दूध रस्त्याच्या उताराने वाहायला लागलं.

अहिरराव धावत उतरले. दूधवाल्याचं कोपर सोललं होतं. तो उठून बसला, कोपराकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं.

"सर? अहिरराव सर ना तुम्ही? माझ्या भावाला तुम्हीच शिकवलं."

"लागलं का रे फार?"

"ते जाऊ द्या. हात कुठे होते तुमचे?"

त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

त्या दिवशी घेर इतका आकसला की गाडी कॉलेज रोडपर्यंतही जाईना. स्क्रीनवर लाल अक्षरं आली. पुढची नोंद शेवटची.

वाहतूक कक्षात तौफिक पिंजारी होता. तोही त्यांचाच विद्यार्थी. लायसनच्या परीक्षेत आठाचा आकडा काढताना तीनदा खुंट पाडले होते त्याने. आता त्याच्या टेबलावर नावाची पाटी होती. सरांना पाहून तो उठून उभा राहिला आणि त्याने चहा सांगितला.

"तक्रार करायला आलो नाही," अहिरराव म्हणाले. "गुन्हा माझाच आहे. मला फक्त एवढं कळत नाही, की हे आधी का नव्हतं होत? हात तर आधीही जायचा. कायदा आल्यावर कुमुद होती. तेव्हा एकदाही नोंद नाही."

तौफिकने त्यांच्या चाकाच्या जुन्या खुणा काढून पाहिल्या. मग खुर्ची जवळ ओढली.

"सर, कायदा असा आहे. ब्रेक लागताना हात चाकावरून सुटला तर यंत्र क्षणभर थांबतं. माणूस शिंकतो, गॉगल सावरतो, म्हणून तेवढी सूट दिलेली आहे. त्या सुटीच्या आत हात परत आला तर नोंद होत नाही. तुमचा यायचा. नेहमी यायचा. आणि..." तो थांबला.

"आणि काय?"

"आणि परत येताना तो एकटा यायचा नाही. चाकाला दोन हात लागायचे. तुमचा आणि त्याच्यावर आणखी एक, हलका. लगेच निघून जायचा. यंत्राने त्याला प्रवासी म्हणून सोडून दिलंय."

अहिररावांनी चहाचा कप खाली ठेवला.

"ते बेकायदा नाही का? प्रवाशाने हात लावणं?"

"चाक फिरवलं तर बेकायदा. चालकाचा हात जागेवर आणून ठेवला तर काही नाही. असं कोणी करेल, हे कायदा लिहिणाऱ्यांच्या डोक्यातच आलं नसणार." तौफिकने मान खाली घातली. "मॅडमनी तुमचा घेर सांभाळला होता, सर."

मग तो साहेबाच्या आवाजात म्हणाला, "सवयमोड करून घ्या. नियमात बसतं. पूर्ण केलंत तर घेर पहिल्यासारखा मिळेल. सगळा. देवळालीपर्यंत."

सवयमोडचं केंद्र कॉलेज रोडला होतं. तिथे अहिरराव चालत गेले. तिथल्या डॉक्टर गंधाली मुळे तरुण होत्या आणि घाईत नव्हत्या. त्यांनी हातातला पट्टा दाखवला, घड्याळासारखा, जरा रुंद.

"हात हलतो ते आपल्याला दिसतं," त्या म्हणाल्या. "पण हलायच्या आधी मेंदूकडून निरोप निघतो. तो कोपराखालच्या स्नायूंत पोचला की तिथे बारीकशी विजेची थरथर होते. हा पट्टा ती थरथर पकडतो आणि तिच्या उलट एक झिणझिणी देतो. दुखत नाही. हात जागच्या जागी राहतो. असं रोज होत गेलं, की मेंदू तो निरोप पाठवणंच बंद करतो. पायवाटेवरून कोणी चाललं नाही की गवत वाढतं, तसं. मग पट्टा काढला तरी चालतं."

"फक्त गाडीत घालायचा?"

"नाही. दिवसरात्र. वाट एकच असते ना."

अहिररावांना प्रश्न नीट विचारता येईना. त्यांनी टोपी काढली, परत घातली.

"म्हणजे कसं, मॅडम... मी उजव्या बाजूला झोपतो. ती डावीकडे असायची. झोपेत दचकलो, की हात जातो. बाजूला. बघायला."

डॉक्टरांनी पट्टा टेबलावर ठेवला. "तोही जाणार नाही मग," त्या म्हणाल्या. "झटका बसला की डावीकडे जाणारा हात. यंत्राला गाडी आणि पलंग यातला फरक कळत नाही. खोटं सांगून तुम्हाला बसवणार नाही मी."

"परत येतो का कधी?"

"आलेला माझ्या पाहण्यात नाही."

संध्याकाळी वृंदाचा फोन आला. तिला तौफिककडून सगळं कळलं होतं. नाशिक अजून तेवढंच लहान होतं.

"घ्या तो पट्टा, बाबा."

"बघू."

"बघू नाही. दूधवाल्याचं कोपर होतं म्हणून. डोकं असतं तर?"

"मला कळत नाही का ते?"

"मग कसला विचार करताय? आई तुमच्या हातात नाहीये, बाबा."

बोलून गेल्याचं तिलाही लागलं असावं. मग हळू आवाजात म्हणाली, "मला एक माणूस राहिलाय. त्याला रस्त्याच्या कडेला उभं असलेलं बघायला मी दर आठवड्याला येणार नाही. रविवारी येते. मी चालवीन. पट्टा बांधून घेऊ, मग घरी जाऊ. माझ्या घरी."

रविवारपर्यंत अहिररावांनी गाडी काढली नाही. पार्किंगमध्ये जाऊन ते आत बसत, काच खाली करत, परत वर करत. चाकावर हात ठेवला की स्क्रीनवर शहराचा नकाशा यायचा. त्यात त्यांचं घर आणि घराभोवती एक वर्तुळ, बांगडीएवढं. त्यात किराण्याचं दुकान होतं, दवाखाना होता, बंद झालेलं ट्रेनिंग स्कूल होतं. जे लागतं ते सगळं होतं. पट्टा बांधला की बांगडी फुटणार, देवळालीपर्यंत रस्ता मोकळा. नाही बांधला तर आहे हीसुद्धा जाणार. दोन्हीकडून काहीतरी जाणारच होतं. पायरी चढताना एकदा पाय चुकला आणि हात डावीकडे गेला. तिथे जिन्याचा कठडा होता. त्यांनी तो धरला.

रविवारी वृंदा आली. किल्ली घेऊन सरळ उजव्या बाजूला बसली. चाकाने तिचे हात ओळखले आणि नकाशा एकदम मोठा झाला, नाशिकरोड मध्यभागी धरून सगळं शहर आत.

अहिरराव डावीकडे आले. या गाडीत ते या सीटवर कधी बसले नव्हते. ट्रेनिंगच्या गाडीत सारी हयात डावीकडे गेली, पण ही सीट कुमुदताईंची होती. त्यांच्या उंचीला पुढे ओढलेली. अहिररावांचे गुडघे डॅशबोर्डला लागले.

"सीट मागे घ्या ना, बाबा."

"राहू दे."

"बेल्ट?"

त्यांनी पट्टा ओढला. एका जागी कापड चुरगळून मऊ झालं होतं. कुमुदताई तिथेच धरायच्या.

वृंदा चांगली चालवत होती. आपणच शिकवलंय, हे त्यांना आठवलं. गंगापूर नाक्याशी तिने वेग कमी केला. मग म्हणाली, "फोनवर मी जरा जास्तच बोलले."

"खरं तेच बोललीस."

"खरं होतं म्हणून काय झालं?"

ती पुढे काही बोलणार तोच समोरच्या टेम्पोतून एक रिकामं क्रेट घसरून रस्त्यावर पडलं. वृंदाने ब्रेक दाबला.

आणि तिचा डावा हात चाक सोडून अहिररावांच्या छातीवर आडवा आला.

गाडी थांबली. क्रेट बंपरच्या पुढे फिरत राहिलं. हात तिथेच होता, ताठ, बोटं फाकलेली. अहिरराव खाली बघत राहिले. तीच ठेवण. कोपर तसंच, मनगट तसंच. हा हात त्यांनी कधी समोरून पाहिला नव्हता. एवढाच असतो, त्यांच्या मनात आलं. खरंच काही झालं असतं तर याने माणूस थांबला नसता. कुमुदला हे रोज दिसत होतं आणि ती रोज म्हणायची, मी काही सांडत नाही.

"डावा हात चाकावर नाही," गाडी म्हणाली. "समज नोंदवली आहे."

वृंदाने हाताकडे पाहिलं. "मी कधी... बाबा, मी असं कधी करत नाही. मला आजवर एकही समज नाही."

"शेजारी कोण बसतं तुझ्या?"

"कोणी नाही. एकटीच असते."

"मागच्या सीटवर बसून बघायचीस लहानपणी," अहिरराव म्हणाले. "मी दोन्ही हात म्हणून ओरडायचो, ते बाकीच्यांनी घेतलं. तू हे घेतलंस."

त्यांनी तिचं मनगट धरलं, उचललं आणि चाकावर नेऊन ठेवलं. मागून हॉर्न वाजायला लागले होते. टेम्पोवाला उतरून क्रेट उचलत होता आणि त्यांनाच काहीतरी सुनावत होता.

केंद्र पुढच्या चौकात डावीकडे होतं. वृंदाने गाडी पुढे घेतली आणि इंडिकेटर दिला.

"बंद कर तो," अहिरराव म्हणाले. "सरळ घे."

"बाबा!"

"ऐक. मला हात मोडायचा नाही. आणि कोणाला पाडायचंही नाही. दोन्ही एकदम होत नसेल, तर चाक सोडायचं. उद्या तौफिककडे जाऊन नाव काढून घेतो माझं. गाडी तुझ्या नावावर करू."

"तुम्ही चाक सोडणार? तुम्ही?"

"नवीन काय त्यात? आयुष्यभर दुसऱ्यांच्याच हातात तर दिलं."

वृंदाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आवाज चिडलेला होता. "आणि माझं काय? तुम्ही शेजारी बसलात की माझा हात जाणार. माझाही घेर आकसत जाईल. मग आपण दोघं काय करायचं, पार्किंगमध्ये बसून राहायचं?"

गाडी सिग्नलकडे सरकत होती. हिरव्याचा पिवळा होत होता. डाव्या सीटवर बसून शिकवणाऱ्याला चालवणारा ब्रेक कधी दाबणार, हे त्याच्या पायाच्या आधी कळावं लागतं. नाहीतर त्या धंद्यात माणूस टिकत नाही. अहिररावांना ते अजून कळत होतं. वृंदाचा खांदा किंचित आवळला. पाय अजून उचलला नव्हता.

त्यांचा उजवा हात गेला आणि चाकावरच्या तिच्या डाव्या हातावर जाऊन बसला.

ब्रेक लागला. त्यांच्या तळव्याखाली तिचा हात उसळला, सुटायला पाहू लागला, आणि राहिला.

गाडी पांढऱ्या पट्ट्याच्या मागे उभी राहिली. वृंदा स्क्रीनकडे बघत होती. अहिररावही बघत होते. लाल दिव्याचे आकडे एकेक करत उतरत गेले. गाडी काही बोलली नाही.

"चाक धर," अहिरराव म्हणाले. "मी काही सांडत नाही."